रोझ बाउलला पहिल्यांदा जाताय? आधी परतीचा रस्ता ठरवा, मग तिकीट

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावात कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा) रोझ बाउल सामना होतो. ओहायो स्टेट, मिशिगन, इंडियाना, यूएससी अशा विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे. त्यातल्या कुणाचा संघ एखाद्या वर्षी तिथे पोहोचला की डिसेंबरात नुसती धावपळ उडते. मी स्वतः बिग टेन या विद्यापीठांच्या खेळगटातल्या एका विद्यापीठात शिकलो आणि आता लॉस एंजेलिसच्या जवळ राहतो. त्यामुळे त्या दिवसांत फोन येतात: तिकीट कुठून घेऊ, गाडी न्यावी का, भारतातून आलेल्या आईबाबांना झेपेल का? ती सगळी उत्तरं इथे क्रमाने देतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. खेळ समजणं अवघड नाही, तो तासाभरात समजतो. त्रास होतो तो जाण्यायेण्याचा, आणि त्याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. म्हणून मी सगळ्यांना उलटा क्रम सांगतो.

1. कोण कोणाशी खेळतं ते आधी बघा

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ गटागटांत खेळतात. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. बिग टेन आणि एसईसी या आजच्या दोन सगळ्यात बलाढ्य कॉन्फरन्स. हंगामातले बहुतेक सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये होतात. हंगाम संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, निवडक संघांना ठरावीक शहरांत खास सामन्यासाठी बोलावतात. हे बाउल सामने. त्यातला सगळ्यात जुना रोझ बाउल. पहिला सामना 1902 मध्ये झाला आणि मिशिगनने स्टॅनफर्डचा 49-0 असा धुव्वा उडवला. तो इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी पुढची काही वर्षं फुटबॉल बंद करून रथांच्या शर्यती भरवल्या. 1916 पासून मात्र फुटबॉल दरवर्षी होतो आहे.

1947 पासून इथे बिग टेनचा एक संघ आणि पश्चिम किनाऱ्याच्या कॉन्फरन्सचा एक संघ असा रिवाज पडला. ती किनाऱ्यावरची कॉन्फरन्स पुढे पॅक-12 म्हणून ओळखली गेली. या जुन्या धाटणीचा शेवटचा सामना 2 जानेवारी 2023 ला झाला, त्यात पेन स्टेटने युटाला 35-21 असं हरवलं. 2024 मध्ये पॅक-12 मधले दहा संघ बाहेर पडले. यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन तर थेट बिग टेनमध्येच गेले. त्याच हंगामापासून राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी 12 संघांची झाली आणि रोझ बाउल तिच्यातला उपांत्यपूर्व सामना बनला. परिणाम असा की 1 जानेवारी 2025 ला इथे ओहायो स्टेट आणि ओरेगन हे दोन्ही बिग टेनचेच संघ समोरासमोर आले, आणि 2026 ला बिग टेनच्या इंडियानाने एसईसीच्या अलाबामाला 38-3 असं लोळवलं.

मला स्वतःला जुना रिवाज गेल्याचं वाईट वाटतं. पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ‘बिग टेनचा विजेता विरुद्ध पॅक-12 चा विजेता’ असं सांगणारी जुनी माहिती आता उपयोगाची नाही. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

तारखेचाही एक नियम आहे. 1 जानेवारी रविवारी आली तर सामना आणि त्या सकाळची रोझ परेड, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, दोन्ही 2 तारखेला होतात. ही प्रथा 1893 पासूनची आहे, म्हणून विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी वार बघा.

2. डिसेंबरातल्या दोन तारखा वहीत लिहून ठेवा

पहिली तारीख डिसेंबरच्या सुरुवातीच्या रविवारची. त्या दिवशी 12 संघांची यादी आणि क्रमवारी जाहीर होते. पहिल्या चार क्रमांकांना पहिली फेरी खेळावी लागत नाही, त्यामुळे त्यांना आपला बाउल त्याच दिवशी कळतो. दुसरी तारीख साधारण 20 डिसेंबरच्या आसपासची, पहिली फेरी संपते ती. समोरचा संघ कोण ते तेव्हा ठरतं.

म्हणजे तुमचा संघ पहिल्या चारात असेल तर हातात तीन-साडेतीन आठवडे आहेत. पहिली फेरी खेळून येणार असेल तर जेमतेम दीड आठवडा, तोही नाताळच्या गर्दीतला, विमानभाडी सगळ्यात चढलेली असतात तेव्हाचा. यावर उपाय एकच: यादी जाहीर झाली की रद्द करता येणारं हॉटेल धरून ठेवा. रद्द करायची शेवटची तारीख 20 डिसेंबरनंतरची आहे ना, हे बुक करतानाच वाचा. नववर्षाच्या आठवड्यात बरीच हॉटेलं किमान दोन-तीन रात्रींची अट घालतात, तीही बघून घ्या.

विमानतळ म्हटलं की सगळे एलएएक्स, म्हणजे लॉस एंजेलिसचा मुख्य विमानतळ, शोधतात. पॅसाडेनाला बरबँकचा विमानतळ कितीतरी जवळ पडतो. ऑन्टारियोचाही विचार करा, मात्र तो कॅलिफोर्नियातला ऑन्टारियो. तिकीट काढताना कॅनडातला प्रांत निवडला जाणार नाही याची काळजी घ्या.

3. जायचं कसं, यायचं कसं: हे तिकिटाच्या आधी ठरवा

रोझ बाउल स्टेडियम 1922 मध्ये बांधलं. ते अरोयो सेको नावाच्या खोलगट दरीत आहे. तिन्हीचारी बाजूंना घरं, मध्ये गोल्फचं मैदान, आणि दरीत उतरणारे मोजकेच रस्ते. त्यात ऐंशी-नव्वद हजार माणसं सकाळपासून हळूहळू येतात आणि संध्याकाळी सगळी एकदमच बाहेर पडतात. नकाशा उघडून हे चित्र एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे पुढचं सगळं पटेल.

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

स्वतःची गाडी. पार्किंगचा पास आधीच विकत घ्यावा लागतो, आयत्या वेळी जागा मिळेल असं धरून चालू नका. बहुतेक गाड्या गोल्फच्या हिरवळीवर लावतात. जाताना मजा येते, पण निघताना एकेक रांग सुटेपर्यंत गाडीतच बसून राहावं लागतं, सहज दीड-दोन तास. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल आणि टेलगेट (गाडीमागे बसून खाणंपिणं) करायचं असेल, तरच हा पर्याय घ्या.

मेट्रो आणि शटल. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी हेच करावं. लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवरून ए लाइन पॅसाडेनाला जाते. मेमोरियल पार्क स्टेशनवर उतरलात की तुम्ही ओल्ड पॅसाडेना भागात असता. तिथून सामन्याच्या दिवशी स्टेडियमपर्यंत शटल बस चालते. ती नेमकी कुठून सुटते, तिचं भाडं किती आणि परतीची शेवटची बस कधी, हे त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेत पाहा. परतीच्या गर्दीत मेट्रोच्या भाड्याच्या टॅप कार्डाच्या यंत्रापुढे लांब रांग लागते, म्हणून कार्डात येण्याजाण्याचे पैसे सकाळीच भरून ठेवा.

पायी. ओल्ड पॅसाडेनापासून स्टेडियम सुमारे दोन मैल. जाताना उतार आहे, पाय आपोआप पडतात. येताना तोच चढ, तोही अंधारात आणि गर्दीत. तरुण मंडळींना काहीच वाटणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन मात्र हा बेत करू नका.

उबर किंवा लिफ्टने जाता येतं, पण परतीला तेवढ्यावरच भिस्त ठेवू नका. सामना सुटल्यावर भाडं भडकतं, ठरवून दिलेल्या जागेपर्यंत चालत जावं लागतं, आणि इतक्या माणसांच्या गर्दीत फोनला रेंज मिळायची मारामार.

4. आता तिकीट

विद्यापीठाला ठरावीक तिकिटं मिळतात. विद्यार्थी असाल तर पहिला प्रयत्न तिथेच करा. अर्जाची मुदत कधी कधी एखाद-दोन दिवसांचीच असते, म्हणून यादी जाहीर होते त्या रविवारी विद्यापीठाचा ईमेल पुन्हा पुन्हा उघडून बघा. हे जमलं नाही तर टिकेटमास्टर, सीटगीक, स्टबहब यांसारख्या ठिकाणी पुनर्विक्रीची तिकिटं मिळतात.

तिकीट फोनवरच असतं. विकत घेताना ते अॅपमधून तुमच्या खात्यावर हस्तांतरित झालं पाहिजे. कोणी ‘स्क्रीनशॉट पाठवतो, पैसे झेल या अॅपने टाका’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये अशी फसवणूक होते आणि गेलेले पैसे परत मिळत नाहीत. किंमत पाहताना सगळी जादा शुल्कं धरून शेवटचा आकडा पाहा.

जागा निवडताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा:

- अगदी खालच्या रांगा महाग वाटतात म्हणून चांगल्या असतील असं समजू नका. हे स्टेडियम उथळ वाडग्यासारखं पसरलेलं आहे. तळाला बसलात तर कडेला उभ्या खेळाडूंच्या पाठीच दिसतात. मधल्या किंवा वरच्या रांगेतून पूर्ण मैदान दिसतं.
- पश्चिमेच्या बाजूला प्रेस बॉक्स, म्हणजे पत्रकारांची जागा, आहे. दुपारी त्या बाजूला सावली आधी येते. पूर्वेला बसलात तर सूर्य थेट तोंडावर असतो. टोपी आणि काळा चष्मा तिथे लागतोच.
- दक्षिण टोकाला बसलात तर समोर सॅन गॅब्रिएल डोंगर दिसतो. सामना दुपारी 2 ला सुरू झाला तर उत्तरार्धात सूर्य मावळतो आणि डोंगराचा माथा आधी नारिंगी, मग जांभळा होत जातो. 2026 चा सामना 1 वाजता सुरू झाला होता, तेव्हा वेळ तपासा.

बसायला बहुतेक ठिकाणी पाठ नसलेले बाक आहेत आणि रांगांमधली जागा अरुंद. बाकांपर्यंत जायचं ते लांब, चिंचोळ्या बोगद्यांतून. आईबाबांना नेत असाल तर बोगद्याच्या तोंडाशी असलेली, म्हणजे फारशा पायऱ्या नसलेली रांग शोधा. चाकाची खुर्ची लागत असेल तर त्यासाठीच्या राखीव जागा वेगळ्या असतात, त्या विक्री सुरू होताच घ्याव्या लागतात.

5. परेड आणि सामना, दोन्ही एका दिवसात?

त्याच सकाळी 8 वाजता रोझ परेड निघते, साडेपाच मैल, बराचसा कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून. ही परेड 1890 पासूनची, म्हणजे सामन्यापेक्षा जुनी. चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, बिया, साली अशा निसर्गातल्या वस्तूंनीच झाकायचा, असा नियम आहे. जवळून पाहिलं तर एखाद्या प्राण्याची कातडी चक्क दाण्यांची आणि बियांची चिकटवलेली दिसते.

रस्त्याच्या कडेला फुकट बसून पाहायची असेल तर लोक 31 डिसेंबरच्या दुपारपासून फुटपाथवर जागा धरतात. रात्री 10 ला रस्ता वाहनांना बंद होतो. 11 वाजता सगळ्यांना रस्त्यावर आखलेल्या निळ्या रेषेपर्यंत पुढे सरकता येतं. थंडी चांगलीच असते.

रात्रभर फुटपाथवर, सकाळी परेड, दुपारी साडेतीन तासांचा सामना: विशीतल्या मुलांनी खुशाल करावं. बाकीच्यांना माझा सल्ला असा की पहिल्या खेपेला सामना पुरा अनुभवा आणि चित्ररथ नंतर पाहा. परेडनंतर ते त्याच दिवशी दुपारी आणि दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात उभे असतात. त्याचं वेगळं तिकीट असतं. तिथे हात लांब केला तर पाकळी लागेल इतक्या जवळून ते पाहायला मिळतात.

6. बरोबर काय न्यायचं

पिशवीचा नियम कडक आहे. पारदर्शक पिशवी, जास्तीत जास्त 12 इंच लांब, 12 इंच उंच, 6 इंच रुंद. किंवा एक गॅलनची झिपवाली पारदर्शक पिशवी. पाठीवरची सॅक, लॅपटॉपची बॅग, साधी पर्स हे सगळं दारातून परत पाठवतात आणि मेट्रोने आलेल्या माणसाला ती ठेवायला कुठेच जागा नसते. हा सगळ्यात मोठा सापळा. औषधांची गरज असेल तर ती तपासणीच्या रांगेत आधीच दाखवा.

यादी अशी:

- फोन, त्यात वॉलेटमध्ये आधीच उतरवून ठेवलेलं तिकीट. दारात रेंज मिळेलच असं नाही.
- पॉवर बँक आणि छोटी वायर.
- बँकेचं कार्ड. रोख पैसे चालतील असं समजू नका.
- ओळखपत्र. बिअर घेणार असाल तर 21 वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा लागतो.
- टोपी, काळा चष्मा, सनस्क्रीन.
- स्वेटर किंवा जाड जाकीट. दुपारी टी-शर्टवर बसता येतं, सूर्य मावळला की दहाच मिनिटांत हुडहुडी भरते. मिनेसोटाहून आलेले लोकसुद्धा इथे थंडीने काकडताना मी पाहिले आहेत, कारण त्यांनी जाकीट हॉटेलवर ठेवलेलं असतं.
- पावसाचा पातळ पोंचो. छत्री आत नेता येत नाही. इथे पाऊस येत नाही असं सगळे सांगतात, पण 2006 आणि 2026 दोन्ही वर्षी परेड पावसात निघाली.
- संघाच्या रंगाचा काहीतरी कपडा. समोरच्या संघाच्या गर्दीत जागा मिळाली असली तरी घाला. लोक चिडवतात, पण प्रेमाने.

7. टेलगेट आणि पोटपूजा

गोल्फच्या हिरवळीवर गाडीमागे खुर्च्या टाकून खाणंपिणं करतात त्याला टेलगेट म्हणतात. मला वाटतं सामन्याइतकाच हा भाग महत्त्वाचा आहे. अनोळखी माणसं हाका मारून खायला देतात. तुम्हीही काहीतरी न्या. घरचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी गार झाली तरी छान लागते आणि शेजारचे लोक आवडीने मागून घेतात. तिथे शेगडी पेटवायची असेल तर त्या वर्षीचे नियम वाचा.

आत शाकाहारी माणसाला प्रेट्झेल, पॉपकॉर्न, फ्रेंच फ्राइज, नाचोज एवढंच हमखास मिळतं. नाचोजवर बहुधा गोमांसाची चिली (घट्ट रस्सा) टाकतात, तेव्हा मागतानाच ‘फक्त चीज’ म्हणा. थोडक्यात, पोट भरूनच आत जा. एकदा आत गेलात की बाहेर जाऊन परत येता येणार नाही असंच धरून चाला.

8. खेळ कळायला इतकं पुरे

मैदान 100 यार्डांचं, दोन्ही बाजूंना 11 खेळाडू, 15 मिनिटांचे चार भाग. घड्याळ सारखं थांबतं, म्हणून प्रत्यक्षात साडेतीन तास लागतात.

ज्यांच्याकडे चेंडू त्यांना 10 यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. संधीला डाऊन म्हणतात. ओव्हरचे चेंडू मोजतो तसे डाऊन मोजत राहा, अर्धा खेळ तिथेच कळतो. 10 यार्ड झाले की पुन्हा नव्याने चार. तिसऱ्या डाऊनला सगळं स्टेडियम उभं राहतं, तुम्हीही उभे राहा. चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब पाठवून देतात.

टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे, 6 गुण, त्यानंतरच्या किकचा 1, किकऐवजी पुन्हा आत घुसलात तर 2. लांबून खांबांमधून किक मारली तर 3. बरोबरी झाली तर दोन्ही संघांना 25 यार्डांवरून आळीपाळीने संधी मिळते. 2024 ला मिशिगनने अलाबामाला असंच 27-20 हरवलं.

एरवीच्या बाउलमध्ये बरेच चांगले खेळाडू दुखापतीच्या भीतीने खेळत नाहीत, कारण पुढे व्यावसायिक संघांची निवड असते. 2022 च्या रोझ बाउलला ओहायो स्टेटचे दोन नावाजलेले रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू) असेच बाहेर बसले. त्यांच्या जागी भार उचलणाऱ्या जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने एकट्याने 347 यार्डांचे झेल घेतले आणि संघ युटाविरुद्ध 48-45 जिंकला. आता हा बाद फेरीचा सामना असल्यामुळे सगळे धडधाकट खेळाडू मैदानात उतरतात.

पिछाडी मोठी असली तरी उठून जाऊ नका असं लोक सांगतात. 2025 ला ओरेगनवर मध्यंतराआधीच 34-0 अशी वेळ आली होती आणि ते 41-21 हरले. तरीही जाऊ नका म्हणतो, ते बँडसाठी. मध्यंतराला दोन्ही विद्यापीठांचे बँड मैदानात येतात. यातली मुलं सकाळी परेडमध्ये वाद्यं घेऊन साडेपाच मैल चाललेली असतात. ओहायो स्टेटचा बँड आला तर शाईने लिहिल्यासारखं ‘ओहायो’ हे नाव चालत चालत रेखाटतो आणि शेवटी एक सूझाफोनवाला (हे अंगाभोवती घालायचं मोठं पितळी वाद्य) नाचत येऊन आय अक्षरावरचा ठिपका बनतो. हे वरच्या रांगेतूनच नीट दिसतं. स्वच्छतागृह आणि खाण्याची रांग यासाठी मध्यंतराची वेळ वापरू नका, दुसरा भाग संपायच्या पाच मिनिटं आधी जाऊन या.

भारतात घरच्यांनी थेट बघायचं असेल तर इथले दुपारचे 2 म्हणजे तिकडे 2 जानेवारीच्या पहाटेचे साडेतीन.

9. बाहेर पडताना

आत शिरतानाच आपल्या बोगद्याचा क्रमांक दाखवणारा फोटो काढून ठेवा. सगळ्यांनी चुकामूक झाल्यास भेटायची एक ठळक जागा ठरवा, दाराबाहेरची, आणि ती फोन लागणार नाही असं समजून ठरवा. मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

सामना संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जागेवरच बसा. चषक देतात, जिंकलेल्या संघाचा बँड वाजत राहतो, आणि तेवढ्यात बोगद्यांतली रेटारेटी ओसरते. मग शटलच्या रांगेकडे चला. रांग लांब दिसते पण बसेस एकामागून एक सुटतात. त्या रात्रीचं विमान धरू नका. दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या, म्हणजे सकाळी चित्ररथही बघून होतील.